रस्त्यात सापडलेला पाना कुणाचा?

गतिरोधकाजवळ पडलेला पाना, घाटात सापडलेली ताडपत्री, वळणावर निसटलेली पकड... अशा वस्तू आपण सहज उचलतो आणि विसरूनही जातो. पण ज्याची वस्तू गेली, त्याचा दिवस कसा जातो? आणि सापडलेली वस्तू खरोखर कुणाची असते?

शाळा सुटल्यावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा बाबांच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघालेला असतो. गतिरोधकाच्या कडेला त्याला काहीतरी चकाकताना दिसते. "बाबा, थांबा, थांबा!" स्कूटर बाजूला घेतली जाते. मातीत अर्धवट रुतलेला तो एक पाना असतो. एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला १३ असे आकडे कोरलेले. बाबा तो हातात घेऊन वजन अजमावतात, "चांगल्या पोलादाचा दिसतोय" म्हणतात आणि डिकीत टाकतात. घरी आल्यावर आई विचारते, "कुणाचा आहे हा?"

"रस्त्यात सापडला."

"ते कळलं हो. पण आहे कुणाचा?"

असा प्रसंग कुठल्याही घरात घडू शकतो. सोन्याची अंगठी किंवा पैशांचे पाकीट सापडले, तर काय करायचे हे बहुतेकांना ठाऊक असते, निदान मन टोचते तरी. पण पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर, दोरखंड, ताडपत्री यांच्याबाबत आपण फारसा विचार करत नाही. 'एवढ्याशा वस्तूसाठी कोण परत येणार?' असे म्हणून मोकळे होतो. त्या आईचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

वस्तू पडतात तरी कुठे?

रस्त्यावर हत्यारे सापडण्याच्या जागा बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. पहिली जागा म्हणजे गतिरोधक आणि रेल्वेचे फाटक. तिथे गाडी उसळते आणि टपावर, मडगार्डवर किंवा इंजिनच्या कोनाड्यात विसरलेले हत्यार निसटते. दुसरी जागा वळणाची. गाडी एका बाजूला वळते, सुटी वस्तू मात्र आपल्याच दिशेने सरळ जात राहते आणि रस्त्याच्या बाहेरच्या कडेला जाऊन पडते. तिसरी जागा पेट्रोल पंपाच्या बाहेरची. थांबलेल्या गाडीवर ठेवलेली वस्तू गाडीने वेग घेतला की घसरते. चौथी, आणि सर्वांत हमखास जागा म्हणजे जिथे कुणाचे तरी चाक पंक्चर झाले होते ती.

रात्रीच्या अंधारात, पावसात, मागून येणाऱ्या गाड्यांच्या झोतात चाक बदलणाऱ्या माणसाला तिथून कधी एकदा निघतो असे झालेले असते. चाकाचे नट आवळले की तो आत बसतो आणि निघतो. जॅक, टॉमी किंवा चाकपाना तिथेच गवतात राहतो. त्याची आठवण होते पुढच्या पंक्चरच्या वेळी.

दुचाकीवर किंवा सायकलीवर कामाला जाणाऱ्या कारागिराची गोष्ट निराळी. त्याची हत्यारे कापडी पिशवीत असतात आणि पिशवी हँडलला लटकवलेली. पटाशीचे टोक किंवा कानशीची शेपटी हळूहळू पिशवीचा तळ कुरतडते. एक दिवस भोक पडते आणि रहदारीच्या आवाजात खाली पडलेल्या हत्याराचा खणखणाट ऐकूही येत नाही.

हरवणाऱ्याचा दिवस

मुंबईतले नाके, पुण्यातले मजूर अड्डे, दिल्लीतले लेबर चौक यांचे सकाळचे दृश्य सारखेच असते. काम शोधणारी माणसे रांगेने उभी असतात. गवंड्याच्या हातात थापी आणि ओळंबा, रंगाऱ्याच्या हातात ब्रश, सुताराच्या खांद्यावर करवत डोकावणारी पिशवी, नळजोडणी करणाऱ्याकडे पाइप पाना. काम देणारा येतो तो आधी हातांकडे पाहतो. ते हत्यार म्हणजेच त्या माणसाचे ओळखपत्र आणि तेच त्याचे प्रशस्तिपत्र. थापी नसलेला गवंडी त्या गर्दीत बिगारी ठरतो आणि मजुरीही बिगाऱ्याचीच मिळते.

म्हणूनच हत्याराची किंमत दुकानातल्या भावाने मोजता येत नाही. १२-१३ चा पाना सापडणाऱ्याच्या घरी वर्षातून दोनदा उपयोगी पडेल. ज्याचा हरवला त्याच्या संचातला मात्र तो एकच आकडा कमी झालेला असतो आणि नेमका तोच नट समोर येतो. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलाच्या हातून हत्यार हरवले, तर ते पैसे त्याच्या पगारातून वळते होण्याची भीती असते. जुन्या कारागिराचे हत्यार तर त्याच्या हाताला सरावलेले असते. रंध्याची मूठ त्याच्याच तळव्याने गुळगुळीत झालेली असते. नवे हत्यार विकत मिळते, तो सराव मिळत नाही.

आपल्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. उत्तर आणि पूर्व भारतात १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कारखान्यांतली यंत्रे फुलांनी सजतात. हत्यार म्हणजे अन्न, हे आपल्या लोकांना सांगावे लागत नाही. २०२३ साली याच दिवशी केंद्र सरकारने १८ पारंपरिक व्यवसायांतल्या कारागिरांसाठी योजना सुरू केली, तेव्हा तिच्यात हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद होती, ती याच कारणाने.

पाकिटातली किल्ली

लोक सापडलेली वस्तू परत करतात का? २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांनी भारतासह ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून अधिक पाकिटे 'सापडली' म्हणून बँका, हॉटेले, टपाल कार्यालये अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हवाली केली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. अंदाज असा होता की पैशांची पाकिटे कमी परत येतील. घडले उलटेच. जवळजवळ सर्व देशांत पैसे असलेली पाकिटेच अधिक प्रमाणात परत आली.

या प्रयोगातली एक बारीकशी गोष्ट मात्र फार बोलकी आहे. पाकिटात एक किल्लीही ठेवलेली होती. काही देशांत किल्ली असलेली आणि नसलेली अशी दोन्ही प्रकारची पाकिटे देऊन पाहिली, तेव्हा किल्ली असलेली पाकिटे जास्त परत आली. किल्लीचा सापडणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो, हरवणाऱ्याचे मात्र घरच अडते. समोरच्याचे काय अडले असेल हे डोळ्यांसमोर आले की हात आपोआप परत करण्याकडे वळतो. कारागिराचे हत्यार ही त्याच्या रोजीरोटीची किल्लीच नव्हे काय?

कायदा काय म्हणतो?

'ज्याला सापडले त्याचे झाले' असे मुले खेळताना म्हणतात. कायदा असे म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर जो ती आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जशी काळजी घेईल, तशी त्या वस्तूची घ्यायची. वस्तू उचललीच नाही तर जबाबदारी नाही. उचलली की ती आली.

त्याच कायद्याने सापडणाऱ्यालाही काही हक्क दिले आहेत. मालकाचा शोध घेण्यासाठी किंवा वस्तू सांभाळण्यासाठी झालेला खर्च मिळेपर्यंत तो वस्तू आपल्याकडे ठेवू शकतो. मात्र त्या खर्चासाठी त्याला दावा लावता येत नाही. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल, तर ते मिळवण्यासाठी तो दावा करू शकतो. प्रामाणिक प्रयत्न करूनही मालक सापडला नाही आणि वस्तू नासण्याची किंवा तिची बरीचशी किंमत नाहीशी होण्याची भीती असेल, तर ती विकण्याची मुभाही कलम १६९ मध्ये आहे.

फौजदारी कायदा हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने पाहतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये याची उदाहरणेच दिलेली होती. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, तो कुणाचा हे कळण्यास मार्ग नाही, अशा वेळी तो उचलणे हा गुन्हा नाही. पण मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा काहीही शोध न घेता ती लगेच विकून टाकली, तर तो गुन्हा ठरतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३१४ मध्ये हेच तत्त्व कायम आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा कारावास व दंड अशी आहे. वस्तू जपण्यासाठी किंवा मालकाला परत देण्यासाठी उचलणाऱ्याला मात्र कायदा दोष देत नाही.

रस्ता खोदताना जमिनीत पुरलेले काही सापडले, तर प्रश्न आणखी वेगळा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

धुराडे साफ करणारा मुलगा

सापडलेल्या वस्तूबद्दलचा सर्वांत गाजलेला खटला इंग्लंडमधला आणि १७२२ सालचा आहे. धुराडी साफ करणाऱ्या एका गरीब मुलाला रत्नजडित दागिना सापडला. तो किमतीला केवढा आहे हे विचारायला मुलगा सोनाराच्या दुकानात गेला. तिथल्या नोकराने वजन करण्याचे निमित्त करून त्यातली रत्ने काढून घेतली आणि मुलाला दीड पेनी देऊ केली. मुलगा बधला नाही. त्याने आपला दागिना परत मागितला, तेव्हा त्याच्या हातात नुसते रिकामे कोंदण आले.

प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी सांगितले की मुलगा दागिन्याचा खरा मालक नसला तरी खऱ्या मालकाखेरीज इतर सर्वांपेक्षा त्याचा हक्क वरचढ आहे. सोनाराने रत्ने हजर केली नाहीत, तर त्या कोंदणात बसतील अशा उत्तमात उत्तम रत्नांची किंमत धरून भरपाई ठरवावी, असेही त्यांनी ज्यूरीला बजावले. तीन शतके झाली, तरी कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही शिकतात. सापडणारा हा मालक नसतो, तो राखणदार असतो, हेच त्याचे सार.

मालक शोधावा कसा?

पाना किंवा हातोडी घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढायला बहुतेक लोक कचरतात. पण आपल्या रस्त्यांवर हरवले-सापडलेची बिनपाटीची कार्यालये जागोजागी असतात. पंक्चरचे दुकान, चहाची टपरी, पानपट्टी, गॅरेज. हत्यार हरवलेला माणूस त्याच रस्त्याने परत येतो आणि याच ठिकाणी चौकशी करतो. तेव्हा सापडल्या जागेच्या जवळच्या दुकानात निरोप ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय.

निरोप ठेवताना एक खबरदारी घ्यावी. 'एक हत्यार सापडले आहे' एवढेच सांगावे आणि आपला नंबर द्यावा. आकडे, रंगाचा पट्टा, मुठीवरची खूण हे सांगू नये. ते विचारणाऱ्यानेच सांगायला हवे. खऱ्या मालकाला आपल्या हत्याराचा ओरखडा न् ओरखडा पाठ असतो.

हत्यार नीट न्याहाळले तरी बराच पत्ता लागतो. लाकडी मुठीवर तापल्या खिळ्याने कोरलेली आद्याक्षरे, पोलादावर पंचने उठवलेला अंक, ठरावीक रंगाचे बोट, सरकारी खात्याचा शिक्का. एखाद्या पिशवीत सामान घेतल्याची पावती निघते, तिच्यावर दुकानाचे नाव असते. त्या दुकानदाराला गिऱ्हाईक ठाऊक असू शकते. बस किंवा रेल्वेत सापडलेली वस्तू वाहकाकडे किंवा स्थानकावर द्यावी.

हत्यारांची भरलेली पेटी, ड्रिल यंत्र, कागदपत्रांची पिशवी अशी मोठी वस्तू असेल तर मात्र पोलीस ठाणेच गाठावे आणि पोच घ्यावी. बेवारस मालमत्ता ताब्यात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य असल्याचे १८६१ च्या पोलीस कायद्यातच नमूद होते. मालकाने सहा महिन्यांत पुढे यावे, असा जाहीरनामा काढण्याची तरतूदही त्यात होती.

जपानमध्ये तर ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली आहे. तिथे गल्लोगल्ली छोट्या पोलीस चौक्या आहेत आणि लहान मुलेही सापडलेले नाणे तिथे नेऊन देतात. २०१९ साली एकट्या टोकियोत चाळीस लाखांहून अधिक वस्तू पोलिसांकडे जमा झाल्या. मालकाने वस्तू नेल्यास किमतीच्या ५ ते २० टक्के रक्कम सापडणाऱ्याला देण्याची कायद्यात तरतूद आहे आणि तीन महिन्यांत कुणी आलेच नाही, तर काही अपवाद वगळता वस्तू सापडणाऱ्याला मिळते.

हात लावू नये अशा वस्तू

रस्त्यावर दिसलेली प्रत्येक वस्तू उचलण्याजोगी नसते. बेवारस पिशवी, डबा, तारा जोडलेली वस्तू दिसली तर दूर व्हावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. रसायनाचा रिकामा कॅन कितीही चांगला दिसला, तरी पाण्यासाठी वापरू नये. आत काय होते ते धुण्याने खात्रीने जात नाही.

अनोळखी धातूचा तुकडा तर कधीही खिशात टाकू नये. १९९९ साली पेरू देशात एका वेल्डरने कामाच्या जागी सापडलेला धातूचा छोटा तुकडा खिशात ठेवला. तो किरणोत्सारी होता आणि त्या माणसाला पाय गमवावा लागला. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात भंगारात आलेल्या जुन्या यंत्रातल्या कोबाल्टमुळे अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीतल्या उपकरणाचा बोल्ट प्रवासातल्या हादऱ्यांनी सैल होऊन निसटला आणि त्या भोकातून किरणोत्सारी सीझियमची कुपी रस्त्यावर पडली. लांबी अवघी ८ मिलिमीटर आणि शोधायचा रस्ता सुमारे १,४०० किलोमीटर! किरणोत्सार ओळखणारी यंत्रे गाडीवर बसवून शोध झाला आणि १ फेब्रुवारीला ती रस्त्यापासून दोन मीटरवर सापडली. पिवळ्या रंगावर तीन पात्यांचे काळे चिन्ह दिसले, तर तिथून दूर होणे एवढेच करायचे असते.

काही वस्तू उचलायच्या नाहीत, पण कळवायच्या मात्र असतात. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली मोठे दगड लावतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात. रात्री दुचाकीवरून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. पडलेला टायर, पाइप, लोखंडी पट्टी यांचेही तसेच. २००० साली पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड विमान कोसळून ११३ जणांचा बळी गेला, त्याची सुरुवात आधीच्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीपासून झाली होती. राष्ट्रीय महामार्गावर असा अडथळा दिसल्यास १०३३ या क्रमांकावर कळवता येते. भरधाव रस्त्याच्या मधोमध पडलेली वस्तू उचलायला मात्र कधीही धावू नये. कोणताही पाना जिवाच्या मोलाचा नसतो.

मालक आलाच नाही तर

निरोप ठेवला, वाट पाहिली, कुणीच आले नाही. मग ते हत्यार गंजत पडू देण्यापेक्षा कामी लावावे. गंजलेला पाना रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा, अर्थात चुलीपासून दूर. सकाळी तारेच्या ब्रशने घासून, कोरडा पुसून मशीनच्या तेलाचा हात फिरवावा. बहुतेक पाने आणि पकडी अशा पुन्हा नव्यासारख्या होतात.

काही हत्यारांवर मात्र विश्वास टाकू नये. हातोडीचा किंवा छिन्नीचा माथा फुलासारखा पसरला असेल, तर घाव बसताना त्याचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. पकडीच्या मुठीवरचे आवरण चिरलेले असेल, तर ती विजेच्या कामाला घेऊ नये. उन्हात कुजलेला दोर ओझ्याखाली तुटतो. तेल गळणारा जॅक वापरू नये. तसेही नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी शिरू नये. सापडलेले हेल्मेट डोक्यावर घालू नये, कारण आदळून आतून तडकलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसते.

आपली हत्यारे आपल्याकडेच राहावीत

हरवणारा उद्या आपणही असू शकतो. म्हणून घरातल्या हत्यारांवर ठळक रंगाचा एक पट्टा ओढून ठेवावा. लाल किंवा पिवळा रंग गवतातही दिसतो. मोबाइल क्रमांक कोरून घेतला तर उत्तमच. जाड कापडाला कप्पे शिवून त्यात एकेक हत्यार खोवले आणि गुंडाळी केली, तर एक जरी कमी असले तरी रिकामा कप्पा लगेच सांगतो. विमानांची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा असलेले फलक याच कारणासाठी वापरतात. चाक बदलून झाले की निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. अर्ध्या मिनिटाचे काम, पण तेवढ्याने जॅक वाचतो.

इतके करूनही वस्तू हरवतातच. नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर काम करणाऱ्या अंतराळवीर महिलेच्या हातून हत्यारांची अख्खी पिशवी निसटली आणि कित्येक महिने पृथ्वीभोवती फिरत राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा तसेच घडले. तिथे परत आणून देणारे कुणी नव्हते.

आपल्या रस्त्यावर मात्र असते. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्या मुलाच्या बाबांनी स्कूटर गतिरोधकाजवळच्या पंक्चरच्या दुकानासमोर उभी केली, एक निरोप आणि आपला नंबर ठेवला, तर या कामाला दोन मिनिटे लागतील. मालक येईल किंवा येणारही नाही. पण मागे बसलेला मुलगा हे सारे पाहत असेल. आईने काल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला तिथे मिळेल, आणि पुढे कधी आणखी मोठी वस्तू त्याच्या पायाशी आली, तर काय करायचे हे त्याला कुणाला विचारावे लागणार नाही.